दाविदमास्तरांचा देव हजेरी घेत नसे

दाविदमास्तर उपदेश चालू असताना हात वर करत. वर्गात करतात तसा सरळ, कानाला टेकलेला हात. आणि पाळक थांबेपर्यंत तो खाली येत नसे. नांदुऱ्याच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये येऊन-जाऊन चाळीस माणसं, त्यामुळे तो हात दिसला नाही असं सोंगही कुणाला घेता येत नसे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण देवाच्या बाबतीत कुणी गणित मांडलं की भडकायचा. "इतके उपास करा, मंग इतकं भेटंन? देव काय मंडीतला अडत्या हाये का बे?" पाळकाला 'बे' म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मला ते तऱ्हेवाईकच वाटत. आई आजारी पडली त्या वर्षी ते मला कळले.

आई अकोल्याच्या दवाखान्यात होती, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. मंडळीने साखळी प्रार्थना धरली. म्हणजे प्रत्येक घराने एकेक तास गुडघ्यावर बसायचं आणि तास संपला की पुढच्या घरी फोन करून "आता तुम्ही धरा" म्हणायचं. तीन दिवस साखळी तुटता कामा नये, असं आमचे पंच शामरावकाका यांनी बजावलं होतं. चार दिवस दवाखान्यात काढून मी कपडे न्यायला सकाळच्या गाडीने घरी आले, तर दुपारी दोनचा तास माझ्याकडे आला. गुडघे टेकले, खाटेवर डोकं ठेवलं आणि मला झोप लागली. पुढचा तास शामरावकाकांचा; तीननंतर फोनची वाट पाहून ते स्वतःच आले, दार ढकललं आणि मला तशी पाहिली. संध्याकाळी आई गेली.

मातीला जमलेल्या माणसांत ते म्हणाले, "साखळीच तुटली, मंग कसं व्हावं?" हळू म्हणाले, पण मला ऐकू येईल इतपत. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाआधी मी सगळ्यांसमोर चूक कबूल करावी, असं त्यांनी परस्पर ठरवलंही. आज हे लिहिताना मला राग येतो. तेव्हा राग नव्हता. आईला मी मारलं, असं मला खरोखर वाटत होतं. त्या रविवारी मी मुकाट्याने उभी राहिले.

हात वर झाला. पण या खेपेला मास्तर कुणाच्या थांबण्याची वाट पाहत बसले नाहीत.

"खाली बस, पोरी. शामराव, तुम्ही उभे राहा. देवानं अब्राहामाशी करार केला तवा अब्राहाम काय करून राह्यला होता?"

"झोपला होता! जनावरं कापून दोन रांगा मांडल्या होत्या. रीत अशी का दोघायनंही मधून चालायचं; जो शब्द मोडंन त्याची गत त्या जनावरासारखी. अब्राहाम पडला घोरत. देव एकटाच चालला. दोघायच्या वाटचं तोच चालला! अन् तुम्ही या पोरीची एका घंट्याची हजेरी घेऊन राह्यले? हजेरी चुकली म्हणून लेकराची माय मारते, असा देव असंन तर तुम्हीच ठेवा त्याले. मले नको."

पाळक चाचरत म्हणाले, "पण मास्तर, माणसाने आज्ञा पाळायच्याच नाहीत का?"

"पाळाच्या ना. लेकरानं बापाचं ऐकावं. पण नाही ऐकलं म्हणून कोणता बाप म्हणते, तू माह्यं लेकरू नाही?"

मग माझ्याजवळ येऊन त्यांनी मला दंडाला धरून भाकर आणि द्राक्षरस मांडलेल्या प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत नेलं. "आधी तू घे," म्हणाले. मी घेतलं. शामरावकाकांचा राग मला त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि हायसं वाटलं. त्यांनी माफी मागितली नाही. अजून नाही.

गेल्या वर्षी मास्तर गेले. शेवटचे सहा महिने त्यांना काहीच आठवत नव्हतं. माझं नाव नाही, पाढे नाहीत, प्रभूची प्रार्थनाही नाही. मी रोज दुपारी त्यांना भरवायला जाई. एकदा शामरावकाका भेटायला आले. उशाशी बसून त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि मास्तर पुढचं म्हणतात का, ते पाहत राहिले. मास्तर काकांच्या सदऱ्याच्या गुंड्या चाचपत होते. काका चुकचुकले.

"देवालेच विसरला बिचारा. आता याचं कसं होईन?"

मी हातातली वाटी खाली आपटली.

"त्यायले देव आठवत नसंन, काका. देवाले मास्तर पक्के आठवतेत. उठा आता, त्यायची जेवाची वेळ झाली."