पहिल्या वर्षाच्या मुलांचे हडपद सर

धारवाडच्या विद्यापीठातल्या मुलांच्या वसतिगृहाचं वॉर्डनपद कुणालाच नको असतं. नळाला पाणी नाही, सांबारात मीठ जास्त, वरच्या मजल्यावर दंगा, सगळ्याची बोलणी वॉर्डननं खायची. त्यामुळे फकीरप्पा हडपदांनी ते काम आपणहून मागून घेतलं तेव्हा भूगर्भशास्त्र विभागात सगळ्यांनाच नवल वाटलं. हा माणूस वर्गात दगडांबद्दल तासभर बोलायचा, पण वर्गाबाहेर आला की ‘बरं आहे ना’ याच्या पुढे गाडी सरकायची नाही.

कारण साधं होतं. सप्तापुरातलं त्यांचं घर रिकामं झालं होतं. बायको, शकुंतला, कॅन्सरनं गेली. मूलबाळ नव्हतं. ती गेल्यावर सरांची झोप गेली, मग भूक गेली, आणि एके दिवशी फळ्यावर अर्धं वाक्य लिहून ते नुसते उभेच राहिले. मुलांना वाटलं, सर विचार करताहेत. सरांच्या डोक्यात विचार म्हणून काही उरलाच नव्हता. तेव्हा त्यांची थोरली बहीण नीलव्वा नवलगुंदहून आली, दोन दिवस भावाकडे बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी हाताला धरून त्यांना गावातल्या मनोरुग्णालयात घेऊन गेली.

आमच्याकडे कुणी जरा वेडंवाकडं बोललं की ‘याला धारवाडला पाठवा रे’ म्हणतात. खुद्द धारवाडातल्या माणसालाही असंच म्हणतात आणि तोही हसतो. सरही पूर्वी हसले होते. आता ते तोंडाला रुमाल बांधून, स्कूटर भाजी बाजाराजवळ लावून, मागच्या गल्लीनं तिथं जायला लागले. औषधं सुरू झाली. हळूहळू झोप आली, चव आली. वर्ष-दीड वर्षानं डॉक्टरांनी गोळ्या कमी करत आणल्या. ही गोष्ट नीलव्वाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

वॉर्डन झाल्यावर सरांनी एकच नवी गोष्ट केली. ते मुलांबरोबर मेसमध्ये जेवायला लागले, आणि तेही पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बाकावर. मुलं वैतागली. “सर शेजारी बसले की घास उतरत नाही रे,” असं एकमेकांना सांगायची. सर काही विचारायचेच नाहीत. खाली मान घालून भाकरी मोडायचे, शेंगदाण्याच्या चटणीवर दही ओतायचे आणि सगळ्यांची ताटं बघायचे. कुणी भात चिवडत बसलं, कुणी सलग तीन दिवस दिसलं नाही, की संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दारात उभे. “बरं आहे ना?” एवढंच. तेवढ्यानंही पुष्कळ मुलं सावरायची. घरून नुकतीच आलेली पोरं ती, कुणी आपली दखल घेतंय एवढंही त्यांना पुरायचं.

यमनूर नायकोडी आला त्या वर्षी मात्र हे पुरलं नाही.

यमनूर लिंगसुगूरच्या पुढच्या एका खेड्यातला. बाप हनुमंतप्पा पिठाची गिरणी चालवायचा. पोरगा शाळेत सदा पहिला, गावानं त्याचा सत्कार करून त्याला धारवाडच्या गाडीत बसवून दिलं होतं. इथं आल्यावर सगळं शिकवणं इंग्रजीत. शेजारची मुलं भराभर लिहून घ्यायची आणि यमनूरला पहिलं वाक्य कळेपर्यंत तास संपायचा. सुरुवातीला त्यानं जीव तोडून अभ्यास केला. मग तासाला जाणं सोडलं, मग अंघोळ सोडली, शेवटी मेसही. त्याच्या खोलीतला श्रीनिधी, सिरसीकडचा बडबड्या पोरगा, त्याच्यासाठी ताट वर न्यायचा आणि तसंच परत आणायचा.

“सर, हा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो,” श्रीनिधीनं सांगितलं. “मी एवढे विनोद सांगतो, पण त्याला हसू येत नाही. शिवीसुद्धा देत नाही. काहीतरी बिनसलंय.”

सर दुपारीच वर गेले. यमनूर उठून बसला. डोळे खोल गेले होते.

“डोकं दुखतं सर. बाकी काही नाही.”

सरांनी त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं, बराच वेळ बोलले आणि म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. पत्ता त्यांनी सांगण्याआधीच यमनूरला कळला. तो पांढराफटक पडला.

“तिथं नाही जाणार सर. मी गाडीत बसलो तेव्हाच गावातली माणसं चेष्टा करत होती. धारवाडला चाललास, शिकायला की भरती व्हायला? आता खरंच तिथं गेलो तर गावात तोंड दाखवू का मी?”

सरांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते बोलले नाहीत. “बघू उद्या,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी यमनूरची पिशवी आणि यमनूर दोन्ही खोलीत नव्हते.

घरी सुखरूप पोचल्याचं फोनवरून कळलं. विभागप्रमुख म्हणाले, “दरवर्षी दोन-चार जातातच हो पळून. तुम्ही किती जणांना पुरे पडणार?” हडपद सरांनी रजा टाकली आणि गदगमार्गे जाणारी लाल बस पकडली. सबंध वाटेत ते स्वतःवर चिडलेले होते. तेव्हाच दोन वाक्यं बोललो असतो तर, हेच डोक्यात.

गावात गिरणी शोधायला लागली नाही, आवाजानंच सापडली. हनुमंतप्पाच्या भुवया, पापण्या पिठानं पांढऱ्या झालेल्या. वॉर्डन स्वतः आलेत म्हटल्यावर त्यानं गिरणी बंद केली आणि मागच्या घरात नेऊन घोंगडं अंथरलं.

“तुम्ही कशाला हो एवढ्या लांब? एक फोन केला असता तर कान धरून पाठवला असता.”

“फोनवर कान धरता येत नाही,” सर म्हणाले.

हनुमंतप्पा हसला नाही. “मी काय करू सांगा सर. गावातले म्हणतात करणी केली. ही म्हणते नजर लागली. मी म्हणतो आळस. धड खात नाही, धड बोलत नाही.”

“ताप आला असता तर आळस म्हणाला असता का?”

“ताप हाताला लागतो सर.”

“हा लागत नाही. पण आहे तापासारखाच. मला आला होता, म्हणून ओळखतो.”

यमनूरची आई दुर्गव्वा पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली. आतल्या खोलीत यमनूर होता, त्याची कूस बदलल्याचा आवाज आला. सर घोंगड्याच्या किनारीकडे बघत बोलत राहिले. बायको गेली ते, झोप उडाली ते, फळ्यापुढे उभं राहिलो ते. आणि मग बहिणीनं कुठं नेलं ते, त्या जागेचं नाव घेऊन. एवढं सलग ते दगडांशिवाय कशावरच कधी बोलले नसतील.

आतून आवाज आला, “सर, खरंच तिथं गेला होता तुम्ही?”

“गेलो होतो. तोंडाला रुमाल बांधून.”

“मग?”

“मग काय, उकाड्यानं जीव गेला. डॉक्टर म्हणाले, आधी तो रुमाल काढा, मला तुमचं बोलणं ऐकू येत नाही.”

दुर्गव्वाला हसू आलं, ते तिनं पदरानं झाकलं. यमनूर बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला. हनुमंतप्पा मात्र गंभीरच होता. “आणि तरी तुम्ही मास्तर झालात?”

“मास्तर आधीच होतो. नंतरही राहिलो.”

मग हनुमंतप्पा म्हणाला, “न्या. पण गावात कुणाला कळता कामा नये.”

“मी नाही सांगणार. त्याला कधी सांगावंसं वाटलं तर ते त्याचं त्यानं बघावं.”

ते आणि यमनूर सकाळच्या गाडीनं परतले. या खेपेला सरांनी स्कूटर भाजी बाजाराजवळ लावली नाही. सरळ फाटकातून आत नेली आणि रांगेत यमनूरच्या शेजारी बसून राहिले.

लगेच काही सगळं नीट झालं नाही. औषधानं पहिले काही आठवडे यमनूर नुसता पेंगायचा. श्रीनिधी त्याला धडे कन्नडमध्ये समजावून सांगायचा आणि वर ऐकवायचा, “तुझ्या आजारानं मी पास होणार लेका.” हिवाळ्यात जरा बरं वाटल्यावर यमनूरनं परस्पर गोळ्या सोडल्या आणि पुन्हा अंथरूण धरलं. सर रागावले नाहीत. “मीही सोडल्या होत्या एकदा,” म्हणाले आणि त्याला परत घेऊन गेले. रसायनशास्त्र राहिलं ते राहिलंच, पुढच्या खेपेला सुटलं. पण वर्ष संपताना तो व्हॉलीबॉल खेळत होता आणि मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या गंगव्वाशी भाकरी जाड की पातळ यावर रोज भांडत होता.

पुढच्या जुलैत नव्या मुलांच्या स्वागताची सभा भरली. वॉर्डननं नियम सांगायचे आणि खाली बसायचं, अशी रीत. सरांनी नियम सांगितले. मग जरा थांबून म्हणाले, “एक राहिलं. इथं आल्यावर कुणाची झोप जाते, कुणाची भूक जाते. आठवड्याभरात परत आली तर ठीक. नाही आली तर मला येऊन सांगा. तुम्ही ज्याच्यावर विनोद करता त्या इस्पितळात मी स्वतः औषध घेतलेलं आहे. रांग मोठी असते, पाण्याची बाटली बरोबर न्या.”

सभागृहात मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढं पालक बसले होते, त्यांच्यात कुजबुज झाली. हुबळीचे एक गृहस्थ त्याच संध्याकाळी मुलाचं सामान उचलून दुसऱ्या वसतिगृहात गेले. विभागप्रमुखांनी सरांना बोलावून घेतलं.

“हडपद, कशाला हो बोललात? कुणाच्या हवाली पोरगा करतोय असं वाटलं असेल लोकांना.”

“वाटलं असेल,” सर म्हणाले. “मला वाईट वाटतंय त्याचं. पण परत वेळ आली तर परत बोलेन.”

त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. त्या दिवशी ते मेसमध्ये गेले नाहीत, घरीच पोहे करून खाल्ले. नीलव्वाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “आता तरी रुमाल वाचला.” पुढं काही दिवस मुलं त्यांना पाठीमागे ‘धारवाड सर’ म्हणायची, ते त्यांच्या कानावर यायचं.

पण त्याच महिन्यात बिदरकडचा एक मुलगा प्रयोगशाळेबाहेर थांबून राहिला. सगळे गेल्यावर म्हणाला, “सर, मला झोप येत नाही.” मग आणखी एक आला. मुलींच्या वसतिगृहाच्या वॉर्डन, सावित्री मॅडम, एका मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडेही बोलाल का? माझ्या तोंडातून ते नाव निघत नाही.” सर तिथं बोलले, घाम पुसत बोलले. प्रत्येकाला इस्पितळाची गरज नसायची. बहुतेकांना घरच्यासारखं कुणी ऐकून घेणारं हवं असायचं. त्यासाठी सरांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांची एकेका नव्या मुलाशी जोडी लावून दिली, आणि त्यात यमनूर सगळ्यांत पुढं होता.

सर निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. नीलव्वा भावाकडेच राहायला आली आहे. सकाळी चहा कुणी करायचा यावरून दोघांची रोज बाचाबाची होते. यमनूर मस्कीला हायस्कूलमध्ये शिकवतो. मधे एकदा लग्नाच्या सुमारास त्याला पुन्हा त्रास झाला, तेव्हा होणाऱ्या बायकोला त्यानं आधीच सगळं सांगितलं. तिनं विचार करायला एक दिवस मागितला आणि हो म्हणाली.

स्वागताच्या सभेला सरांना अजून बोलावतात. गेल्या वर्षी मात्र त्यांचे सांधे चिकुनगुन्यानं धरले होते, उठवेना. भेटायला आलेला यमनूर त्यांच्या जागी गेला. संध्याकाळी परत आल्यावर तो सरांच्या पायाशी बसून त्यांच्या घोट्यांना तेल लावू लागला.

“काय बोललास?” सरांनी विचारलं.

“तुमच्यापेक्षा कमी बोललो.”

“कुणी हसलं?”

“हसले दोघं-तिघं. मग एकजण थांबला होता बाहेर. त्याला नंबर दिलाय माझा.”

“जरा जोरात चोळ,” सर म्हणाले. स्वयंपाकघरातून नीलव्वानं विचारलं, यमनूर जेवूनच जाणार ना. तो हो म्हणाला.