शालिग्राम ड्रायव्हरने निवडलेला रस्ता

शालिग्रामला खरं उत्तर पहिल्या मिनिटालाच ठाऊक होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. एकतीस वर्षं ज्याने बुलढाण्याहून मोताळा-मलकापूर एसटी खाली-वर नेली, त्याला कुठली गाडी कुठल्या रस्त्याने न्यावी हे कुणी शिकवायचं?

शंतनुची गाडी दारासमोर उभी होती आणि निम्मी गल्ली ती बघायला जमली होती. एसटीएवढी लांब, पांढरीशुभ्र. आत बिछाने, ओटा, संडास-बाथरूम, सगळं घरच. टपावर एसीचं खोकं, मागे दोन सायकली टांगलेल्या. शंतनु पुण्याचा. त्याची आई सुहासिनीबाई नोकरीत असताना रोज बुलढाण्याहून मोताळ्याच्या शाळेत शिकवायला जात, त्या शालिग्रामच्याच गाडीने. बाईंना उशीर झाला की शालिग्राम स्टँडवर बोनेट उघडून उगाच आत डोकं घाली. आता ऐंशीव्या वर्षी बाईंना जुनं गाव बघायचं होतं. ते बघून झालं. पुढे सुरतेला थोरल्या लेकीकडे जायचं, म्हणजे डोंगर उतरून मलकापूर, तिथून हायवेने भुसावळ, जळगाव.

"काका, मोबाईल राजूर घाट दाखवतोय," शंतनु म्हणाला. "बत्तीस फुटी गाडी आहे. जाईल ना?"

शालिग्राम गाडीभोवती फिरला. मागच्या चाकापासून शेपटापर्यंत त्याने पावलं टाकली. चार भरली. एवढं शेपूट, तेही जमिनीला टेकल्यासारखं खाली. घाटाच्या वळणावर तोंड एकीकडे वळलं की शेपूट दुसरीकडे फिरतं आणि आडवं येईल ते झाडून काढतं. या गाडीचा सरळ रस्ता चिखली, उंद्री, अमडापूर करत खामगाव, मग हायवे. लांब पडतो, पण काल लायसन्स मिळालेला माणूसही गाणी ऐकत नेईल.

तो हे सांगणारच होता. तेवढ्यात शंतनु म्हणाला, "घाटाने जायचं तर तुम्ही शेजारी बसा. भुसावळला तुमची मुलगी असते ना? दारात सोडतो तुम्हाला."

झालं! खामगावचा रस्ता शालिग्रामच्या जिभेवरच राहिला.

संजीवनीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सासरा रेल्वेतला, दुमजली घर. तिची सासू या व्याह्याचं नाव कधी घेत नसे; "तो डायव्हर" म्हणे, तेही त्याला ऐकू जाईल असं. मागच्या खेपेला तो बसने उतरून घामेजला गेला, तर तिने त्याला पाणी बाहेरच्या नळाचं दाखवलं. आता ही गाडी त्या दारासमोर उभी राहील आणि पुढच्या सीटवरून तो उतरेल. या एका चित्रापुढे बत्तीस फूट काय आणि चार पावलं काय!

"राजूर घाटच बरा," तो म्हणाला. "मी हाये ना."

सोजराबाईने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "काऊन खोटं बोलून राह्यले? उंद्री माहं माहेर हाये. त्या रस्त्यानं बैलगाडी झोपून जाते, अन् तुमी त्याहिले घाटात घालता?"

"तुले काय समजते गाडीतलं?"

"गाडीतलं नसन समजत. तुमच्यातलं समजते."

"गप राय," शालिग्राम म्हणाला, आणि त्याने संजीवनीला फोन लावला. संजीवनीने त्याच संध्याकाळी घरात, शेजारी आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीलाही सांगून टाकलं.

सकाळी नऊला निघाले. शंतनुची बायको गार्गी हिने पुढच्या सीटवर आधी टॉवेल अंथरला. "काका, मागे टेकू नका हं. कव्हर पांढरं आहे." तंबाखूची पुडी खिशातच राहू द्या, असंही तिने हसून सांगितलं. शालिग्राम पिशवी पायाशी ठेवून न टेकता, ताठ बसला.

पहिल्या वाईट वळणाला तो खाली उतरला, मागे जाऊन उभा राहिला आणि कंडक्टरची घंटा असते तशा पत्र्यावर थापा मारू लागला. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. हे त्याने शंतनुला आधीच समजावलं होतं. वरून मोटरसायकली, खालून ट्रक, सगळे अडकले. "ओ बाबा, घर घेऊन कुठी चाल्ले बे?" एका ट्रकवाल्याने ओरडून विचारलं, आणि रांगच्या रांग हसली. शालिग्रामने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. खरं तर त्याला मजा येत होती. निवृत्त झाल्यापासून त्याच्या हाताने कुणी थांबलं नव्हतं.

दुसरं वळण निघालं. तिसऱ्याला त्याने थाप मारली, पण शंतनुला ती हॉर्नांच्या गोंगाटात ऐकू गेली नाही. शेपूट कठड्याला घासलं. सायकलचं चाक वाकलं आणि पांढऱ्या पत्र्यावर हातभर लांब ओरखडा उठला.

गार्गी खाली उतरली नाही. शालिग्राम वर चढेपर्यंत तिने मोबाईलवर शोधलं होतं. "इथे लोकांनी लिहिलंय, मोठ्या गाडीने घाट टाळा, चिखलीवरून खामगावला उतरा. काका, तुम्हाला हा रस्ता माहीत नव्हता?"

शालिग्रामने टॉवेल सारखा केला.

"माहीत होतं की नाही?" शंतनुने विचारलं.

"हाये तसा रस्ता. पण लय फेरा पडते..."

मागच्या बिछान्यावरून सुहासिनीबाई बोलल्या. त्यांनी आयुष्यभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, आणि आवाज अजून तसाच होता. "शालिग्रामला माहीत नव्हतं असं होणारच नाही. त्याला यायचं होतं, म्हणून त्याने आपल्याला इथे आणलं."

शंतनुने गाडी सुरू केली.

शेवटचं वाईट वळण आलं. शालिग्राम खाली उतरला. या वेळी त्याने जीव तोडून काम केलं. कठड्याशी वाकून, बोटं मोजून, इंच इंच. शेपूट सुटलं. त्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या, नीट ऐकू जातील अशा. गाडी सुटली.

ती थांबली नाही. अडकलेली रांग मागून निघून गेली. आधी त्याला वाटलं, पुढे मोकळी जागा बघून थांबतील. तो उतरत राहिला. पाव मैलावर किलोमीटरचा दगड होता, आणि दगडावर त्याची पिशवी. नुसती फेकलेली नव्हती. बंद आवळून, उन्हात तापू नये म्हणून झाडाच्या सावलीकडे सरकवून ठेवलेली. म्हणजे थांबले होते.

त्याने शंतनुला फोन लावला. उचलला गार्गीने. "काका, काय करणार, मागे केवढी गाड्यांची रांग! थांबायला जागाच नव्हती. तुम्हाला एसटी मिळेल ना?"

"पिशवी..." शालिग्राम म्हणाला.

"मिळाली ना? बरं झालं. आईंचा नमस्कार." फोन बंद.

मग संजीवनीला. गाडी बिघडली, असं तो म्हणाला. मलकापूरहून बस पकडून येतो.

"बाबा, सासूबाई सकाळपासून गच्चीत उभ्या हायेत. पूर्ण गल्लीले सांगलं मी. तुमी आता बसनं आले तं मले इथं जगू देतीन का?"

"मंग?"

"आज नका येऊ."

वरच्या बाजूला जाणारी बुलढाणा गाडी आली. शालिग्रामने हात केला. ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं आणि गिअर बदलून निघून गेला. घाटात हात करणाऱ्यासाठी थांबायचं नसतं. शालिग्रामही एकतीस वर्षांत कधी थांबला नव्हता. पावसात पोर कडेवर घेतलेल्या बाईसाठीही नाही.

तो पिशवी खांद्याला अडकवून राजूर गावापर्यंत चालत गेला आणि थांब्यावर बसला. बुलढाण्याच्या दोन गाड्या आल्या, दोन्ही थांबल्या. तो उठला नाही. इतक्या लवकर घरी जाऊन सांगायचं काय?

दोन वाजता सोजराबाईचा फोन आला.

"पोचले का?"

"हाव. पोचलो."

"जेवले?"

"जेवलो. लय केलं त्याहिनं."

"अन् विहीणबाई? पाह्यली का तिनं गाडी?"

"पाह्यली. आत जाऊन पाह्यली."

सोजराबाई खुदकन हसली. "द्या मंग संजीवनीले फोन."