चहात बुडवलेल्या टाइट्स

"हात पुढे कर."

मी केले. आमच्या संघप्रमुख बाईंनी पावडरचा पफ मनगटापासून खांद्यापर्यंत फिरवला. मग गळा. मग कानामागे. भिंतीला चुना लावावा तसं. जपानमधल्या त्या आइस-रिंकच्या बोळात, इतर देशांच्या मुली रांगेत उभ्या राहून बघत असताना.

"हंगेरीची मुलगी हंगेरीची दिसायला हवी," त्या म्हणाल्या. त्यांच्या ब्लेझरला पितळी बटणं होती. आमच्याकडची कम्युनिस्ट राजवट केव्हाच गेली होती. बटणं तशीच चकाकत होती.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी हंगेरीकडून फिगर स्केटिंग करत होते. आई बुडापेस्टची. बाबा नागपूरचे, शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला गेले आणि राहिले. घरी माझ्याशी मराठीच बोलायचे. म्हणायचे, "इथे निदान आडनाव ऐकून कुणी पाण्याचा पेला मागे घेत नाही." आडनावाचं काम तिथे कातडी करते, हे त्यांनी मला सांगितलं नाही.

आमच्या खेळात टाइट्स, म्हणजे कमरेपर्यंतचे तलम पायमोजे, 'अंगाच्या रंगाच्या' असतात. कुणाच्या अंगाच्या, हे विचारायची पद्धत नाही. फिक्या गुलाबी टाइट्सपुढे माझे सावळे हात उठून दिसायचे, म्हणून हातांना पावडर. उलटं करावं हे कुणाला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी शॉर्ट प्रोग्रॅम, स्पर्धेची पहिली छोटी फेरी, चांगला झाला. बाबांचे कॉलेजातले मित्र त्सुकुबाच्या एका प्रयोगशाळेत होते. हे काका, काकूंना सोबत घेऊन, मला बघायला आले होते. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. मला भरून आलं.

"अगं, काय गोरीपान दिसत होतीस!" काकू म्हणाल्या. "मी यांना म्हटलं, ही आपली वाटतच नाही."

"तुझ्या बाबाला फोटो पाठवतो," काका म्हणाले. "खूश होईल बघ."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला. बाई निदान नोकरी म्हणून करत होत्या. या दोघांनी फुकट केलं, वर पोळी खाऊ घातली. अपमानाला उत्तर देता येतं. कौतुकाला काय देणार? आणि तो फोटो बाबांच्या हातात पडणार होता.

संध्याकाळी हॉटेलजवळच्या कोनबिनीतून, तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, काळ्या चहाच्या पुड्या आणल्या. वॉशबेसिनमध्ये उकळतं पाणी ओतलं, टाइट्स बुडवल्या. कपडे चहात रंगवणं आम्हा स्केटर मुलींना नवं नाही. मी नमुना म्हणून पहिल्यांदाच स्वतःचा हात धरला. फिकं वाटलं की परत बुडवायचं.

दुसऱ्या दिवशी फ्री प्रोग्रॅम, मोठी फेरी. बाई पफ घेऊन आल्या आणि थबकल्या.

"हे काय घातलंस?"

"टाइट्स. अंगाच्या रंगाच्या."

"हात पुढे कर."

"नाही."

"सादरीकरणाचे गुण जातील."

"जाऊ देत."

"पुढच्या मोसमात संघातली जागा जाईल."

ती जागा मला सहा वर्षांची असल्यापासून हवी होती. पहाटेची झोप, शाळेच्या सहली, आईची हौस, सगळं त्या जागेपायी खर्ची पडलं होतं. बाईंना ते माहीत होतं. म्हणून तर त्यांनी तिचंच नाव घेतलं. मी बर्फावर उतरले.

उड्या सगळ्या पुऱ्या केल्या. त्यांचे गुण देणं परीक्षकांना भाग होतं. सादरीकरणाचे घसरले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. जपानमध्ये त्या सगळ्यांसाठीच वाजतात, त्यामुळे मी त्यात फार अर्थ शोधला नाही.

परतताना विमानतळावर बाई शेजारी येऊन बसल्या. आवाज एकदम मऊ.

"गुडघ्याची दुखापत सांग. मानाने निवृत्त होशील. समारंभ करू, फुलं देऊ."

"गुडघा ठणठणीत आहे," मी म्हणाले. "काढायचं तर तुम्ही काढा. आणि का काढलं ते चारचौघांत सांगा."

त्यांनी काढलं. सांगितलं मात्र दुखापतच.

आजही कुठल्या रिंकवर कुणी माझी ओळख करून देताना "दुखापतीमुळे निवृत्त" म्हणालं की मी उठते. भाषण थांबवते. पाहुण्यांसमोर, माइकसमोर, हारतुऱ्यांसमोर. यजमान अवघडतात. अवघडू देत. माझ्या पायांना काहीही झालेलं नव्हतं.