डबक्यात ओतलेलं पाणी

चाळिशी ओलांडल्यावर मी पीएचडीला नाव घातलं. तेव्हा नागपुरात दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते. सकाळी एक, दुपारी दुसरं. घरी आई होती, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. विषय निवडला तोही असा की ऐकणारा हसायचा: पावसाळ्यात साचणाऱ्या आणि दिवाळीच्या आत आटणाऱ्या डबक्यांतले फेअरी श्रिम्प. नखाएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा जीव. कोळंबीच्या नात्यातला, पण जन्मभर उताणा पोहतो. मासे त्याला एका दिवसात संपवतात, म्हणून तो आटणाऱ्या पाण्यातच सापडतो.

माझं मुख्य डबकं उमरेड रस्त्यावरच्या एका गावाबाहेर होतं. मुरूम काढून सोडून दिलेला खड्डा. काठावर एकच घर, एकट्या राहणाऱ्या विणकर मावशींचं. सत्तरीच्या असतील. पहिल्या दिवशी मी गुडघाभर चिखलात जाळी फिरवत होते, तर त्या काठावर येऊन बसल्या.

"काय शोधून राहिल्या मॅडम? काही पडलं का?"

मी बरणी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली. "हे झिंगेच ना? उलटे काहून हायेत? मेले का?"

"जिवंत आहेत मावशी. असेच पोहतात."

पाणी रोज किती उतरतं याची नोंद मला हवी होती आणि रोज एसटीने येणं जमणारं नव्हतं. खुणा केलेली काठी खड्ड्यात रोवली आणि मावशींना विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. मी तेव्हा सीताबर्डीला मेट्रो बदलत असायचे. "आज पाच खुणा बुडाल्या," त्या सांगायच्या आणि मी जिन्यावर उभ्या उभ्या वहीत लिहायचे.

त्या वर्षी मधेच पावसाने दडी मारली. पाच खुणांच्या तीन झाल्या, मग दोन, मग एक. आणि पाणी एकावरच थांबलं. आठ-नऊ दिवस रोज तेच, "आज बी एकच." मला आनंद झाला. खाली झरा असेल असं वाटलं. गाइडना तसं सांगूनही टाकलं.

रविवारी गेले. आसपासच्या खड्ड्यांना भेगा पडलेल्या आणि माझ्या खड्ड्यात मात्र पाणी. मावशींच्या दारापासून काठापर्यंत ओली वाट उमटली होती. तेवढ्यात त्या कमरेवर पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन आल्या आणि पाणी खड्ड्यात ओतलं.

"मावशी, हे काय?"

"पाणी टाकून राहिली. तुमचे जनावरं मरत होते ना. बोअरिंगवरून धा-बारा गुंड आणतो रोज."

माझा तोल गेला. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? माझं अख्खं वर्ष वाया गेलं! मरू द्यायचं होतं त्यांना!"

त्यांनी गुंड खाली ठेवला. "मरू द्याचं होतं?" एवढंच विचारलं आणि आत निघून गेल्या.

परतीच्या एसटीत मला रडूही आलं नाही. आणखी एक पावसाळा, मुदतवाढीचा अर्ज, गाइडपुढे पुन्हा उभं राहणं, एवढंच डोक्यात फिरत होतं. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्यानंतरही नाही.

नोंदी वगळाव्या लागल्या. वगळण्याचं कारण एका ओळीत लिहायचं होतं. मी लिहिलं, "स्थानिक व्यक्तीने बाहेरून पाणी घातल्यामुळे." ती ओळ वाचताना मला स्वतःची लाज वाटली. वर्गातल्या पोरांना मी दरवर्षी त्या जिवाच्या अंड्यांबद्दल तासभर शिकवायचे. मावशींकडून रोज काम करून घेतलं, पण त्यांना हे एकदाही सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत खड्ड्यातली कोरडी माती आणायला गेले. मावशी मागावर बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "या."

"मावशी, मी तुमच्यावर ओरडले."

"ओरडल्या." माग चालूच. "चूक माहीच होती."

"नाही. मी तुम्हाला नीट सांगितलंच नव्हतं."

मी त्यांची परात मागितली. खड्ड्यातली मूठभर माती तीत पसरली, कॉलेजातून आणलेलं शुद्ध पाणी वर ओतलं. सावलीत ठेवा म्हटलं. त्या बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सुटी होती, पुन्हा गेले. मावशी दारातच परातीपाशी बसलेल्या.

"हलून राहिले," त्या म्हणाल्या.

खसखशीहून बारीक ठिपके पाण्यात धक्के देत फिरत होते. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.

"हे मातीत होते?"

"अंडी होती. माद्या मरायच्या आधी टाकून जातात. माती सुकते, तापते, तरी ती वर्षानुवर्षं तशीच राहतात. पाणी मिळालं की फुटतात."

"म्हंजे पाणी टाकलं नसतं तरी..."

"तरी पुढच्या पावसात आले असते."

त्यांनी भिंग पदराने पुसून परत दिलं. "त्या दिसापासून मी खड्ड्याकडं पाह्यलं नाही. मले वाटलं, म्या पाणी टाकनं बंद केलं, माह्याच हातानं मेले समदे."

सहा महिने ही बाई ते मनात घेऊन बसली होती.

पुढच्या पावसाळ्यात मी नोंदी नव्याने घेतल्या. प्रबंध त्याच्या दोन वर्षांनी गेला. शिकवते अजून तासांवरच.

परातीत ते ठिपके हलले त्या दिवशी मावशींनी ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. जेवल्यावर मी भिंतीला टेकून पाच मिनिटं बसते म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाट ओढली.

"झोप वं जराशी. किती थकली तू."

इतके महिने त्या मला मॅडमच म्हणत होत्या. मागाची खटखट ऐकता ऐकता मला कधी झोप लागली कळलं नाही. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि दोन एसट्या निघून गेल्या होत्या. घाबरून शेजारणीला फोन केला. ती आईजवळच होती. म्हणाली, आईने दूध घेतलंय, सावकाश ये. मावशी चहा ठेवायला उठल्या. मी पाय खाली सोडून खाटेवर तशीच बसून राहिले.