मंजुळाबाईनं वाचवलेल्या नळ्या

उकळायला सांगितलेल्या काचेच्या नळ्यांपैकी अठरा नळ्या मंजुळाबाईनं खरंच उकळल्या. पुढं ती अप्पाराव सरांवर जेवढी चिडली, त्याच्या दुप्पट स्वतःवर चिडली ती ह्या अठरा नळ्यांपायी.

साल एकोणऐंशी, डिसेंबर महिना. विद्यापीठाच्या नामांतरासाठी सत्याग्रह चालू होता आणि औरंगाबादेत पोलिसांच्या गाड्या माणसं भरभरून नेत होत्या. त्यातच सखाराम पकडला गेला. भीमनगरचा हा तरणा माणूस शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचं संशोधन करायचा. मंजुळाबाई तिथंच काचसामान धुवायला होती. फुलंब्रीकडच्या मेंढपाळाची लेक. नवरा त्याच प्रयोगशाळेत शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी ही लागली.

सखाराम रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून स्पंज आणायचा, बर्फाच्या डब्यात, एसटीनं. समुद्रातला हा जीव दिसायला ओल्या बोळ्यासारखा. हात नाय, पाय नाय, तोंडही नाय. पण त्याचा अर्क ठेवला की आजूबाजूला रोगजंतू वाढत नसत. विभागप्रमुख अप्पाराव सर म्हणायचे, हे औषध स्पंज स्वतः बनवतो. सखारामचं म्हणणं निराळं होतं. स्पंजाच्या अंगात कोट्यवधी बारीक जंतू मुक्कामाला असतात, औषध बनवतात ते. त्यानं ते वेगळे काढून खारट खाद्यावर नळ्यांमधे वाढवले होते. तारेचं टोक दिव्यावर लाल करायचं, निवू द्यायचं, आणि दर तीन आठवड्यांनी जंतूंना ताज्या नळीत न्यायचं. चुकलं की ते मेलेच.

"ही नुसती घाण आहे," अप्पाराव सर म्हणायचे. "हात धूत नाहीस, म्हणून वाढते."

हे वाक्य ते दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्याला म्हणत नसत. सखाराम खाली बघायचा. मोरीत नळ्या घासणाऱ्या मंजुळाबाईच्या हातातला ब्रश तेवढ्यापुरता थांबायचा.

एकदा तिनंच त्याला विचारलं, "त्या बोळ्यात दुसरे जीव ऱ्हातात, त्यात खोटं काय हाय? मेंढरानं रवंथ सोडला, तर माझा बाप धडधाकट मेंढीच्या तोंडातला घास काढून त्याच्या घशात घालायचा. मेंढरू उठायचं. घासात काय तरी जितं असल्याबगर उठंल का?"

सखाराम हातातलं काम सोडून तिच्याकडं बघत राहिला. "मावशी, हे सरांना सांगा."

"माझं कोण ऐकतं?"

मग त्यानं तिला पोवळ्याची गोष्ट सांगितली. जितं पोवळं समुद्रात रंगीत दिसतं ते अंगातल्या बारीक शेवाळामुळं. ते शेवाळ निघून गेलं की पोवळं पांढरं पडतं, उपाशी राहतं, बऱ्याचदा मरतं. त्या दिवसापासून नळ्यांचं खाद्य शिजवणं, तार लाल करणं, तारखा घालणं, सगळं तो तिला शिकवू लागला.

सखाराम तुरुंगात गेल्याच्या चौथ्या दिवशी अप्पाराव सर प्रयोगशाळेत आले. "तो आता येत नाही. त्याच्या नळ्या उकळून टाक, रॅक मोकळे कर."

तिनं मान हलवली. हुकूम ऐकायची सवयच तशी. पहिल्या रॅकमधल्या अठरा नळ्या वाफेच्या भांड्यात गेल्या. दुसरा रॅक उचलताना तिला नळीवरची तारीख दिसली. सखारामच्या अक्षरातली, पकडला जायच्या आदल्या दिवसाची. तुरुंगात जावं लागणार हे जाणून त्यानं सगळे जंतू नव्या नळ्यांत घालून ठेवले होते. तीन आठवडे जगतील, तोवर आपण सुटू, असा हिशोब.

मंजुळाबाईनं शेगडी बंद केली, उरलेल्या तेवीस नळ्या पदरात घेतल्या आणि मोरीत फिनेलच्या बाटल्यांमागं ठेवल्या. मोरीत सर पाऊल टाकत नसत. तीन आठवडे भरले तसं तिनंच तार लाल करून जंतू ताज्या नळ्यांत नेले.

सखाराम महिन्यानं सुटला. सरांनी गैरहजेरी दाखवून त्याचं नाव कापलं होतं. त्याची नोंदवहीही दिली नाही. म्हणाले, ती विभागाची. मंजुळाबाईनं मात्र त्याच्या हातात जित्या नळ्या ठेवल्या, आणि आधी अठरांचं सांगून टाकलं. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो फक्त "बरं" म्हणाला. चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात तो तपासनीस म्हणून लागला, आणि जंतू घरी जपत राहिला.

दोन वर्षांनी कॉलेजात परिषद भरली. अप्पाराव सरांनी निबंध वाचला: स्पंजातलं औषध त्यातले जंतू बनवतात, हे म्हणे त्यांनी शोधलं. मंजुळाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी विचारलं, "ते जंतू बघायला मिळतील?"

"दुर्दैवानं मेले," सर म्हणाले.

"मेले नायत!" ट्रे खुर्चीवर आदळला, चहा सांडला. "उकळले. मी उकळले, ह्यांच्या तोंडच्या हुकमानं. तेव्हा ती घाण व्हती. ज्यानं शोधले त्याचं नाव सखाराम, आन् वाचलेले जंतू त्याच्या घरी हायत. चला, दावते."

सभागृहातून पुण्याच्या बाई तेवढ्या उठून तिच्यामागं गेल्या.

मंजुळाबाईची बदली भांडारात झाली. लेखी माफी मागितली तर प्रयोगशाळेत परत घेऊ, असा निरोप आला. "माफी सखारामची मागंन," ती म्हणाली, "तुमची कशापायी?" आणि भांडारात बसली.

सखारामनं पुण्याच्या बाईंकडं काम पुरं केलं. शहाऐंशी साली त्याला पदवी मिळाली. बाईंनी पत्रं लिहिल्यावर कॉलेजला नोंदवही परत करणं भाग पडलं, पण ती आली तेव्हा पहिली चार पानं फाडलेली होती. शोधाच्या पहिल्या तारखा त्याच पानांवर होत्या.

मंजुळाबाईच्या निवृत्तीच्या दिवशी अप्पाराव सर प्राचार्य होते. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, फोटोसाठी हसले. मंजुळाबाईनं शाल काढली, घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"ही ऱ्हाऊ द्या, सर. ती चार पानं द्या."