एका रेघेतला औंधचा डोंगर

गेल्या रविवारी सांगलीला जाऊन आले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, खोटं कशाला बोलू...

झालं असं, की माझ्या लेकीने, केतकीने, पुण्यात नवीन फ्लॅट घेतला. हॉलच्या भिंतीवर तिला आमच्या कुलदेवीचा, साताऱ्याकडच्या औंधच्या यमाईचा डोंगर हवा होता. फोटो नको, कंटूर लाइन्सचा नकाशा हवा, तोही हाताने काढलेला. आणि हे काम तिने दिलं कुणाला? सांगलीच्या काकूला. म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, सुमनला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कंटूर म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडत जाणारी रेघ. मी साताऱ्याला सरकारी ऑफिसात ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे गिरवायला, लागले आणि रिटायर होईपर्यंत याच रेघा काढल्या. तपकिरी शाई, बारीक निब... चूक झाली तर ब्लेडने खरवडायची, तीही कागद न फाटता. आणि माझ्याच मुलीला कंटूरसाठी काकू आठवली.

सुमनचं काय, तर ती सांगलीत ड्रॉइंगच्या क्लासला जाते. तिथेही एक कंटूर असतं. समोरच्या वस्तूवर नजर ठेवायची आणि पेन न उचलता तिची कड काढत जायची. त्या जोरावर बाईने नळ काढला, चपला काढल्या, पेपर वाचता वाचता झोपलेले आमचे भाऊजी काढले. सगळं फेसबुकवर. काय ती कौतुकं, काय ते बदाम... माझ्या पोस्टला अंगठा येतो तो एकट्या सुमनचा, हे आणखी एक दुःख.

केतकीला फोनवर विचारलं तर म्हणे, तुला कशाला त्रास. त्रास? मग ठरवलं, प्रत्यक्ष जाऊनच बघू.

केतकीही आली होती. नकाशे हाच तिचा व्यवसाय, पण सगळं लॅपटॉपवर. तिने सॅटेलाइटवरून आलेल्या उंचीच्या नोंदी उघडल्या, एक बटण दाबलं आणि औंधचा अख्खा डोंगर रेघांनी भरून गेला. तेवढ्या वेळात माझं शाईच्या बाटलीचं बूचही निघालं नसतं. मी चष्मा लावून चुका शोधल्या. सापडल्या नाहीत... तेही झोंबलं.

मग सुमनने कागद आणला. केतकीचा प्रिंटआउट समोर ठेवून तिने काढलेला डोंगर. सुंदर होता. पोटात अगदी दुखेल इतका सुंदर.

मी खालच्या रेघेवर बोट ठेवलं आणि फिरवत गेले. सवय आहे ती. डोंगराला एक फेरी झाली आणि बोट निघालं तिथे परत यायच्या ऐवजी वरच्या रेघेवर गेलं. पुन्हा फेरी, पुन्हा वर. सगळा डोंगर एकाच रेघेचा! चकली पाडली होती बाईने.

इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता. मी ऑफिसच्या आवाजात समजावून सांगितलं, की एक रेघ म्हणजे एक उंची, एक रेघ दुसरीत कधीच शिरत नाही. असला कागद आमच्या साहेबांनी टेबलावर ठेवूनसुद्धा घेतला नसता.

सुमन म्हणाली, "आवं अक्का, पेन उचललं की हात बिचकतो माझा. मग गेले आपली तशीच देवळापातूर."

मी केतकीकडे बघितलं. आता सांग तिला, या अर्थाने. तर ती म्हणते, तिला हे आधीच माहीत होतं. बरोबर नकाशा लॅपटॉपमध्ये आहेच, भिंतीवर हा हवाय.

"मग मला का नाही सांगितलंस काढायला?" विचारलंच मी, सगळ्यांसमोर.

तिने लॅपटॉप बंद केला. "तू आधी माझा नकाशा तपासला असतास, आई. शाळेत असताना मी काढायचे आणि तू खरवडायचीस... भिंतीकडे बघताना मला रोज तेच आठवलं असतं."

मी खरवडायचे, कारण ते चुकलेले असायचे. माझं अजूनही तेच म्हणणं आहे.

सुमनने पेन माझ्यापुढे सरकवलं. "उंचीचा आकडा तुमी घाला, अक्का. तुमच्यावानी अक्षर मला येत न्हाई."

मी म्हटलं, या रेघेवर आकडा घालता येत नाही, हिच्यात सगळ्याच उंच्या आहेत. मग पुन्हा नीट बघितलं. एक जागा होती. रेघ संपते तिथे, देवळापाशी. केतकीने लॅपटॉप परत उघडून उंची वाचली आणि मी आकडा लिहिला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने पट्टी हातात घेऊन घोटवलेलं वळण आहे ते, अजून मोडलेलं नाही. केतकी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती... लहानपणी बघायची तशी.

फोटो तिने टाकलाय. सगळ्या कमेंट्स काकूच्या रेघेवर आहेत. आकड्याबद्दल एक अक्षर नाही, मी रोज बघते. मोठा करून बघा जरा, दिसेल.

सुमनचं पेन त्या गडबडीत माझ्या पर्समधून साताऱ्याला आलं. काल दुपारी स्वयंपाकघरातला नळ काढायला बसले, पेन न उचलता. जमत नाही हो... दर वेळी मध्येच थांबते आणि तपासते.

सुमन, पेन परत देईन. पण घाई करू नकोस.