चौथ्या दिवसाची आंघोळ

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या लॅबमध्ये माझं काम एकच. कॅन्सरचं औषध किती काळ टिकतं ते बघायचं. गोळ्या गरम, दमट कपाटात ठेवायच्या आणि ठरलेल्या वेळी काढून तपासायच्या. त्याआधी उल्हासनगरला शिकताना मी किरण दिलेल्या उंदरांच्या लाळग्रंथी मायक्रोस्कोपखाली बघायचे. म्हणजे औषध म्हणा, किरण म्हणा, घरातली शहाणी मीच. डोंबलाची शहाणी!

आईच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली, ती कॅन्सरची निघाली. मग मुंबईच्या हॉस्पिटलात तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं. घरी सोडताना बजावलं, पंधरा दिवस लहान मुलांपासून लांब राहायचं. हे आयोडीन लाळेतूनही बाहेर पडतं, तेव्हा ताट-वाटी-पेला वेगळा. मी म्हटलं, माझ्याकडे कात्रपला चल, फ्लॅटवर मी एकटीच असते. ती कसली ऐकतेय! तिला चामटोलीचं घर आणि तिथली मागची खोलीच हवी. त्या घरात भाऊ, वहिनी आणि नुकताच मऊ भात खायला लागलेला माझा भाचा.

मी तिला समोर बसवून सगळं समजावलं. तिने मान डोलावली.

"कललं गो. बाजूला बसाचं." मग स्वतःच हसत सुटली. "या वयात परत बाजूला बसवलंस मना!"

मीही हसले. आमच्याकडे पाळी आली की त्याच मागच्या खोलीत बसावं लागायचं. तीन दिवस तिथे, चौथ्या दिवशी डोक्यावरून आंघोळ, की झाली बाई मोकळी. शाळेत असताना मी त्यावरून आईशी कडाकडा भांडायचे. पाण्याच्या हंड्याकडे नुसती वळले तरी ती ओरडायची, "शिवू नको!" त्या शब्दाने माझ्या डोक्यात तिडीक जायची. हात असे वर धरून भिंतीला चिकटून उभी राहायचे मी. कॉलेजात गेले तेव्हा कुठे ते थांबलं.

आईला घरी येऊन चौथा दिवस, त्यात रविवार. मी तिच्यासाठी लिंबं घेऊन गेले. लिंबू चोखलं की लाळ सुटते, ग्रंथींना तेवढंच बरं.

दार उघडंच होतं. आई स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. ओले केस पाठीवर मोकळे सोडलेले आणि मांडीवर भाचा. तिने तोंडातला भात चावून मऊ केला, बोटावर घेतला आणि त्याच्या तोंडाशी नेला. त्याने भला मोठा आ केलेला. हनुवटीवर एक शीत आधीच चिकटलेलं होतं.

पिशवी हातातून सुटली, लिंबं घरभर पसरली.

"आये! शिवू नको त्याला!"

आईचे दोन्ही हात झटकन वर गेले. मागून वहिनी धावत आली आणि तिने पोर उचललं. ते भोकाड पसरून रडायला लागलं.

"काय झायलं?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "बसले ना मी बाजूला. आज डोक्यावरून न्हायले. आता कसला इटाल?"

देवाशप्पथ, तिने माझा एक शब्द मोडला नव्हता. फक्त तो तिच्या हिशेबाने पाळला होता. पंधरा दिवस हा तिला डॉक्टरांचा नुसता धाक वाटला, बाजूला बसण्याचे खरे दिवस तीनच.

"अगं, हे आंघोळीने जात नाही! हे आपल्या मुदतीनेच जातं!"

"किती घास दिलेस?" वहिनीने रडतच विचारलं.

"एकच," आई म्हणाली. तिचे हात अजून वरच होते.

वहिनीने पोराचं तोंड पुसलं. मी हॉस्पिटलात फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरबाई शांत होत्या. एका घासाने घाबरू नका, पण बाळाला दाखवून जा आणि पंधरा दिवस पुरे होईपर्यंत आजींना लांबच ठेवा. दुसऱ्या दिवशी दाखवलं. पोर ठणठणीत होतं.

आईने मात्र मागच्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. जेवण दाराशी ठेवायला सांगायची.

मुदत संपली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. "आये, ये आता बाहेर. झालं सगळं." ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. त्याही दिवशी डोक्यावरून न्हालेली. भाचा तिला बघून खिदळला आणि गुडघ्यांवर तुरुतुरु तिच्याकडे निघाला. तशी ती एक पाऊल मागे सरकली, भिंतीला टेकली आणि तिने हात वर धरले. थेट मी धरायचे तसे.

भाऊ, वहिनी, सगळे समोर होते. तिने बघितलं फक्त माझ्याकडे.

"बाय," तिने हळूच विचारलं, "आता शिवू का त्याला?"